आप्पांच्या पडवीतली आगगाडी

आमच्या स्टेशनचे मास्तर आप्पा यांच्याइतकं भित्रं माणूस मी जन्मात दुसरं पाहिलं नाही. हे मी निंदा म्हणून लिहीत नाही. त्यांच्या भीतीनंच माझं कुंकू राखलं असं मी आजही मानते. ते कसं, तेवढंच सांगायचं आहे.

लग्नानंतर मी लोणखेड्याहून त्या स्टेशनावर राहायला आले. आमचे हे तिथं तिकीटबाबू होते. नंदुरबारच्या अलीकडचं लहानसं स्टेशन ते. एक फलाट, एक कडुलिंब, पाण्याची टाकी आणि रुळाला लागून दोन क्वार्टर, एक मास्तरांचं आणि एक आमचं. दोन्ही घरांच्या मागच्या पडव्यांमध्ये कमरेएवढी भिंत होती. समोर ज्वारीची आणि मिरचीची शेतं, शेतांपलीकडे सातपुड्याची निळी रेघ. गाव बरंच लांब. दिवसभर माणसाचा आवाज असा ऐकू यायचा तो मास्तरांच्या घरातला.

आप्पा उंच, वाळके, कोटाची बटणं वैशाखातही गळ्यापर्यंत लावलेली. गाडी स्टेशनातून सुटली की आपण घरी जातो, पाणी पितो. आप्पांचं तसं नव्हतं. गाडीचा शेवटचा डबा सिग्नलच्या पलीकडे गेला की ते फलाटाच्या टोकाला जाऊन उभे राहत, आणि पुढच्या स्टेशनावरून गाडी आल्याची तार येईपर्यंत तिथून हलत नसत. मग आत येऊन तारयंत्राजवळच्या पॉइंटमनला, म्हणजे रुळांचे सांधे बदलणाऱ्या सुकाला, विचारत, "पोचनी का?" सुका "पोचनी, मास्तर" म्हणाला की खुर्चीवर बसत. त्याआधी त्यांच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरत नसे.

ही सवय सगळ्या संसाराला लागली होती. माई, म्हणजे आप्पांची बायको, भिंतीवरून मला वाटीभर भरीत द्यायची. तासाभरानं आप्पा भिंतीशी यायचे, "पोरी, वाटी पोचनी का?" मी माहेरी गेले तर गाडीवानाला परत आल्यावर बोलावून घ्यायचे. विजेला भ्यायचे, कुत्र्याला भ्यायचे, माई स्टुलावर चढली तर खाली दोन्ही हात पसरून उभे राहायचे. माई हसून म्हणायची, "देव्हारामा दिवा लावाना तरी ह्यास्ले भ्याव वाटस." मीही सुरुवातीला हसले. पुढे हसू येईनासं झालं, कारण त्यांच्याजवळ राहून मलाही गाडीच्या मागं कान लावायची खोड जडली.

त्यांच्या पडवीत काहीतरी चालायचं एवढं मला कळत होतं. खुटखुट ऐकू यायची, सरसाचा वास यायचा. एक दिवस माईनं भिंतीवरून विचारलं, "पोरी, वाळेल घोसाळानी जाळी शे का व तुन्हाकडे? मास्तरले झाडे कराले जोयजे."

घोसाळ्याच्या जाळीची झाडं करतात हे मी कधी ऐकलं नव्हतं. जाळी घेऊन मी पलीकडे गेले आणि दारातच थबकले. खोक्यांच्या फळ्या जोडून पडवीभर एक मोठा पाट केला होता. त्यावर आमचं स्टेशन होतं. फलाट, लिंब, टाकी, माझं घर, माझ्या घरामागची धुण्याची शिळासुद्धा. तिथून पत्र्याचे बोटभर रूळ निघून शेतांमधून, वळणावरून, खाऱ्या नाल्याच्या पुलावरून पार नंदुरबारच्या बाजूला जात होते. रुळांवर चावीचं इंजिन आणि मागं डबे. बदलून गेलेल्या कुणा गोऱ्या इंजिनिअरच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं होतं, त्यातलं ते खेळणं. बाकीचे रूळ आप्पांनी गावातल्या बोहऱ्याकडून पत्रा कापून घेऊन स्वतः वळवले होते.

पण खेळण्याकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. त्यांचा जीव होता भोवतालच्या मुलखात. खराट्याच्या काड्यांचे तारेचे खांब, त्यांना शिवणाचा दोरा ताणलेला. आगपेटीची घरं, त्यांवर केरसुणीचं शाकार. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात घोळवून केलेलं गवत. नाल्यासाठी काच, आणि काचेखाली नीळ.

"डोंगर बसत नाहीत," आप्पा खाली मान घालून म्हणाले. "माती लावली की वाळून तडकते."

मी म्हटलं, "कागदाचा लगदा करून पाहा, मेथ्या घालून. आम्ही टोपल्या करतो तसा. तो तडकत नाही."

दुसऱ्याच दिवशी कागद भिजत पडले. त्यानंतर दुपारची कामं आटोपली की मी तिकडे जाऊ लागले. मी आणि माई लगदा कुटायचो, आप्पा त्याच्यातून सातपुडा उभा करायचे. जाळी हिरव्या रंगात बुचकळून, कातरून, तारेच्या बुंध्यावर बसवली की लांबून खरंच बाभूळ वाटायची. पळसासाठी कापसाचे तुकडे कुंकवात बुडवले. वाळत घातलेल्या मिरच्यांसाठी मी लाल रांगोळी शेतात पसरली, तेव्हा माई म्हणाली, "व माय, ठसका लागी आते!" आम्ही तिघंही हसलो. आप्पांना हसताना मी पाहिलं ते बहुधा तेवढंच.

एखादं झाड कुठं लावायचं यावरून मात्र ते फार त्रास द्यायचे. मी एक चिंच वळणावर लावली. त्यांनी ती उपटली. छत्री घेतली, उन्हात तिथपर्यंत चालत गेले, खरी चिंच पाहून आले, आणि मग नखभर बाजूला पुन्हा लावली.

मी विचारलं, "इतकं तंतोतंत कशाला?"

कचेरीत ते शुद्ध बोलायचे, पण घरात आणि मनातलं बोलताना अहिराणीच. म्हणाले, "आठे बठ, पोरी. आपला फलाटवरथून सिग्नललगून दिखस. त्यान्हा पुढे काय शे, कोनले माहीत? आठे फळीवर माले बठ्ठं एकदम दिखस."

त्या दिवशी त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. पूर्वी ते दुसऱ्या एका स्टेशनावर असताना पावसाळ्यात नाल्याचा भराव खचला आणि पॅसेंजर खाली गेली. "गाडी मीच सोडेल व्हती," ते म्हणाले. चौकशीत त्यांना कुणी दोष दिला नाही. पाणी सिग्नलच्या पलीकडे चढलं होतं, ते कुणालाच दिसलं नव्हतं. आप्पा माणसं बाहेर काढायला गेले होते. एका बाईच्या मुठीत जेवणाचा डबा होता. बाई गेली होती, पण डबा काही केल्या मुठीतून सुटेना. शेवटी तो तसाच तिच्याबरोबर ठेवला. हे सांगताना आप्पांची बोटं झाडाची जाळी कातरत होती, ती कातरतच राहिली. झाडाचं झुडूप झालं तरी त्यांना कळलं नाही. मी हातातून कात्री काढून घेतली.

मग त्यांनी मला डब्यांत बसवायला माणसं करायला सांगितलं. मेणाची, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, चिंध्यांचे कपडे घातलेली. मी भराभर करून दिली. त्यांनी ती तळहातावर घेऊन विचारलं, "ह्या कोन शेत?"

"कोण म्हणजे? उतारू."

"नाव दे एकेकले. बिनानावना मानूस पडना तरी कोनले काही वाटत नही."

म्हणून मी नावं दिली. टोपीवाले आमचे हे. हिरवं लुगडं माझं. डोक्यावर पाटी ती माई. मिशीवाला सुका. माझे लोणखेड्याचे काका, काकू, दूधवाली, सगळे त्या डब्यांत बसले. आप्पा चावी द्यायचे, इंजिन घरघरत निघायचं, आणि खाऱ्या नाल्याच्या पुलावरून पलीकडे जाईपर्यंत आम्ही तिघंही श्वास धरून असायचो.

मग बेचाळीस सालचा पावसाळा आला. त्या दिवसांत काय झालं ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. गावोगावी मिरवणुका, लाठ्या, गोळ्या. कुठं तारा तोडल्याची बातमी येई, कुठं रूळ उखडल्याची. सैनिकांच्या गाड्या जाऊ लागल्या. आमच्या ह्यांच्या मनात गांधी टोपी होती आणि डोक्यावर रेल्वेची. घरात आम्ही कुजबुजत बोलायचो. आप्पांचं जेवण जवळजवळ सुटलं. दिवसातून दोनदा ते स्वतः रुळावरून पुलापर्यंत चालत जात, एकेका जोडाला हात लावत. परत आले की पडवीत जाऊन फळीवरच्या त्याच पुलाला हात लावत.

माईच्या भावाचा मुलगा मुरलीधर मधूनमधून यायचा. शहाद्याकडचा, शिकलेला, उमदा. माईला पोरबाळ नव्हतं, हाच तिचा लाडका. तो तिला फुई म्हणायचा आणि आप्पांना फुवा. पूर्वी आला की माझ्याशी दोन शब्द बोलायचा. त्या दिवशी सकाळी आला तो सरळ पडवीत गेला. मी भिंतीच्या अलीकडे मिरच्यांची देठं खुडत बसले होते. हे पहाटेच्या गाडीनं कामासाठी नंदुरबारला गेले होते, संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत येणार होते.

मुरलीधर बराच वेळ फळीकडे पाहत होता. मग म्हणाला, "फुवा, हाऊ पूल भू बरोबर करेल शे तुम्ही."

त्यानं पुलावर बोट ठेवलं.

"रूळना जोड कोठे शे? आठे का? कोठली पट्टी काढी तर इंजिन सरळ खाले जाई?"

माझ्या हातातली मिरची हातातच राहिली.

आप्पांनी त्याचं बोट बाजूला सारलं. "कसाले विचारस?"

"फुवा, पलटनना गाड्या याच रस्तावर जातस. आपलाच लोकेस्वर गोळ्या झाडाले. तुम्ही त्या गाड्यास्ले निशान दाखाडतस."

"गाडीमा पलटनच बठस का?"

तेव्हा आप्पांनी एक गोष्ट केली. त्यांनी नखानं पुलावरची एक पट्टी उचकटली आणि बाजूला ठेवली. इंजिनाला चावी दिली आणि स्टेशनातून गाडी सोडली. मी भिंतीवरून पाहत होते, लपायचंही मला सुचलं नाही. गाडी वळणावरून गेली, चिंचेजवळून गेली, पुलावर चढली आणि कलंडली. इंजिन नाल्यात पडलं, काच तडकली, मागचे डबे एकावर एक आले. उलट्या पडलेल्या इंजिनाची चाकं घरघर फिरत राहिली. चावी संपली तेव्हाच ती थांबली.

"आते उचल त्यास्ले," आप्पा म्हणाले. "एकेकले उचल आनि माले नाव सांग."

"फुवा, मेणना बाहुल्या शेत त्या."

"व्हय. तुले नाव माहीत नही. मी सांगस. ही बाजूना घरनी पोर. हाऊ तिन्हा नवरा. ही तुन्ही फुई." ते एकेक उचलून त्याच्या तळहातावर ठेवत गेले. माईची बाहुली ठेवताना ती त्यांच्या हातून खाली पडली, आणि ती मुरलीधरनंच वाकून उचलली.

तो रडला नाही की रागावला नाही. त्यानं सगळी माणसं फळीच्या कडेला ओळीनं ठेवली. जाताना स्वयंपाकघराच्या दारात माईजवळ थांबला आणि हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलं, "फुई, मी एकटा नही. मन्हा हातमा काही नही आते. आज संध्याकाळनी नंदुरबारनी गाडीमा आपलं कोनी बठेल नको." आणि तो शेतातून निघून गेला.

माईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. मी भिंत ओलांडून आप्पांसमोर जाऊन उभी राहिले. "आप्पा, हे त्याच गाडीनं येणार आहेत. गाडी थांबवा."

"थांबाडी तर कारन विचारतीन, पोरी." त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "कारन सांगं तर पोऱ्या फाशी जाई."

"आणि नाही थांबवली तर?"

ते उठून कचेरीत गेले. मी खिडकीतून पाहिलं, ते तारयंत्रासमोर बसले होते, दोन्ही हात मांडीवर. दुपारभर ते तसेच बसून राहिले. सुका काही विचारायला आला तर मान हलवून परत पाठवत. मी घरात येऊन चूल पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली. माई देवासमोर बसली होती पण तिच्या तोंडून नाव निघत नव्हतं.

गाडीची वेळ जवळ आली तेव्हा आप्पा बाहेर आले. हातात दोन्ही निशाणं, लाल आणि हिरवं. सुकाला म्हणाले, "मी पुलवरथून हिरवं दाखाडसू तव्हयच पुलना पलीकडना सिग्नल पाडजो. नही दाखाडं तर गाडी उभी ऱ्हावू दे." आणि रुळावरून चालू लागले.

मी आणि माई अंगणातून पाहत होतो. तिथून पूल स्पष्ट दिसायचा. विजेला भिणारा तो माणूस एकटा चालत गेला, पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोचला आणि दोन रुळांच्या मध्ये, लाकडावर, खाली बसला. लाल निशाण समोर उघडून धरलं. नाल्याच्या काठानं ज्वारी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. मला त्या ज्वारीत एका जागी हालचाल दिसली. मग आणखी एका जागी. माईनं माझा दंड धरला, तिची बोटं आत रुतली.

"दिखनं का तुले?" तिनं विचारलं.

"हं."

"कोन शेत?"

दोघींनाही माहीत होतं.

ज्वारीतून एक माणूस अर्धा उभा राहिला. लांबून चेहरा कळत नव्हता. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं असावं, कारण त्यांची मान वळली. ते उठले नाहीत, ओरडले नाहीत, हातही केला नाही. नुसते बसून राहिले. वारा अजिबात नव्हता, ज्वारीचं पान हलत नव्हतं, तरी त्यांच्या हातातलं लाल निशाण हलत होतं. एवढ्या लांबून मला ते हलताना दिसत होतं. आयुष्यात मी पुष्कळ शूर म्हणवणारी माणसं पाहिली. इतकं घाबरलेलं आणि तरी न उठलेलं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

पलीकडून गाडीची शिट्टी आली. ज्वारीतला माणूस खाली बसला. मग ज्वारीची एक ओळ हलत हलत नाल्यापासून दूर, सातपुड्याच्या बाजूला गेली. आप्पा उठले. चालत चालत त्यांनी पुलाचे सगळे जोड वाकून पाहिले, अलीकडे आले, बाजूला उभे राहिले आणि लाल गुंडाळून हिरवं उघडलं. सुकानं सिग्नल पाडला. गाडी पुलावर चढली, हळूहळू पुढे आली, सगळे डबे अलीकडे आले.

हे फलाटावर उतरले. हातात माझ्यासाठी आणलेल्या बांगड्यांचं पुडकं होतं. "मास्तर पुलावर काय करत होते?" त्यांनी विचारलं. मी भर फलाटावर त्यांच्या सदऱ्याची बाही धरली, आणि बराच वेळ सोडली नाही.

त्या दिवशी सगळं निभावलं असं आम्हाला वाटलं. पण ड्रायव्हरनं पुढं जाऊन सांगितलं, की मास्तर जागा सोडून पुलावर निशाण घेऊन उभे होते. दोन-तीन दिवसांत बाहेरगावचा एक फौजदार शिपाई घेऊन आला. आप्पांची आमच्या सगळ्यांदेखत फलाटावरच चौकशी झाली.

"पुलावर का गेला होता?"

"साहेब, मला भीती वाटली."

"कसली?"

"गाडी पडेल याची."

"कोण पाडणार होतं?"

"साहेब, मला रोजच वाटते."

फौजदाराला ते उर्मटपणाचं वाटलं. आमचे हे पुढं होऊन म्हणाले, "साहेब, खरं सांगतायत ते. त्यांचा स्वभावच तसा आहे." फौजदारानं ह्यांच्याकडे असं पाहिलं की मी ह्यांना मागं ओढलं.

मग घराची झडती झाली आणि ते पडवीत आले. फौजदार फळीसमोर उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि त्याजागी जे आलं ते मला जास्त भीतीदायक वाटलं. तो खूष झाला होता.

"हा खाऱ्या नाल्याचा पूल. ही वळणावरची चिंच. वा! आणि पुलाची पट्टी काढून ठेवलेली. मास्तर, हे कुणाला दाखवायला केलं?"

"कुणाला नाही, साहेब. मलाच पाहायला."

"ही माणसं कुणी केली?"

मी म्हटलं, "मी."

"कशासाठी?"

काय सांगणार? "गाडीत बसायला," मी म्हटलं. शिपाई हसले. फौजदारानं हिरव्या लुगड्याचं माणूस चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ते परत ठेवून दिलं. मला त्यानं पुढं काही विचारलं नाही. का नाही, ते आजवर कळलं नाही.

फळी पुरावा म्हणून न्यायची ठरली, पण ती दारातून निघेना. पडवीतच जोडली होती ती. तेव्हा शिपायांनी बंदुकीच्या दस्त्यानं पुलाचा भाग तोडायला घेतला. डोंगर कागदाचे, ते लगेच फाटले. आतून जुनी वर्तमानपत्रं बाहेर आली. आप्पा दोन शिपायांमध्ये उभे राहून पाहत होते. एकानं नाल्यात हात घातला, तसे आप्पा घाईघाईनं म्हणाले, "सांभाळून, दादा. काच तडकेल शे तठे, हात कापाई जाई." त्या शिपायानं हात मागं घेतला आणि क्षणभर कुणाकडेच पाहिलं नाही.

त्यांना मोटारीतून घेऊन गेले. नवा मास्तर आला, तो दिवसा स्टेशनात असायचा, रात्री गावात मुक्कामाला जायचा. माईला घर सोडायला कुणी सांगितलं नाही, पण सांगतील म्हणून तिनं भांडी बांधून ठेवली होती.

अशातच एका दुपारी मुरलीधर मागच्या दारी आला. दाढी वाढलेली, पाय चिखलानं भरलेले. मी माईजवळच बसले होते. तो म्हणाला, "फुई, मी जास आनि सांगस. फुवाना काही संबंध नही, मीच व्हतू."

माईनं त्याच्या हातात भाकर दिली, ती त्याला संपवू दिली. मग म्हणाली, "तू गया तर त्यास्नं बठ्ठं वाया जाई. ते तुन्हासाठे तोंड मिटीसन बठेल शेत. तू डोंगरमा जा. आनि रूळले हात लावजो नको."

"नही लावाऊ, फुई."

"मन्ही आन?"

त्यानं तिच्या पायांना हात लावला आणि गेला. तळोद्याच्या वरच्या बाजूला, सातपुड्यातल्या पाड्यांवर तो राहिला असं पुढं कळलं. तिथल्या लोकांनी त्याला लपवलं. सगळं निवळल्यावर तो उजळ माथ्यानं परत आला. पण तोपर्यंत आमच्या स्टेशनावर त्याची वाट पाहणारं कुणी नव्हतं.

आप्पा सुटले ते दिवाळीच्या आधी. त्यांच्याकडून काही निघालं नाही. दुसरं काही बोलतच नव्हते म्हणे. 'भीती वाटली' एवढंच. नोकरी गेली नाही, पण मास्तरकी गेली. लांब कुठंतरी गोदामावर बदली झाली. ते घरी आले तेव्हा एका कानानं त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. कसं झालं ते माईनं विचारलं नाही, आम्हीही नाही. पडवीतला उरलेला मुलूख त्यांनी पाहिला आणि सुकाला सांगून जळणाला देऊन टाकला. मी काही झाडं मागितली, तर म्हणाले, "कसाले ठेवस? कोनी देखं तर तुलेच विचारतीन."

निघायच्या दिवशी मी दशम्या करून घेऊन गेले. माई ट्रंकेवर बसली होती. दार लोटून घेऊन तिनं माझ्या कानात सांगितलं, "आज ते गाडीमा बठनार शेत, पोरी. ती गाडी पडनी त्या दिवसथून ते कव्हय गाडीमा बठेलच नही. आठे बदली व्हयनी तव्हय आम्ही बैलगाडीवर उनूत. पन आते लांब जानं शे. बैलगाडी कथी जाई?"

इतक्या वर्षांत हे आमच्या लक्षात कसं आलं नाही, कुणास ठाऊक. रेल्वेत आयुष्य काढलेला माणूस, आणि गाडीत पाऊल टाकलेलं नाही.

गाडी आली. सामान सुकानं चढवलं. माई चढली. आप्पा फलाटावर उभे राहिले. नव्या मास्तरनं शिट्टी हातात घेतली, पण वाजवली नाही. तो आपला घड्याळात पाहत राहिला. आमचे हे आप्पांजवळ जाऊन नुसते बाजूला उभे राहिले. माईनं डब्याच्या दारातून हात पुढं केला. त्या काळी आमच्याकडे नवरा-बायको चारचौघांत एकमेकांकडे पाहतसुद्धा नसत. आप्पांनी सगळ्यांदेखत तिचा हात धरला, डोळे गच्च मिटले आणि पायरी चढले. खिडकीत दिसले तेव्हाही डोळे मिटलेलेच होते, आणि तिचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

गाडी हलली. मी अंगणात धावत गेले. तिथून ती वळणावर दिसली, मग चिंचेआड गेली, मग पुलावर चढली. मला पाहवेना. मी पदर तोंडावर घेतला आणि उभी राहिले. पुलाचा खडखडाट ऐकू आला, तो थांबला, आणि थोड्या वेळानं पलीकडून शिट्टी वाजली.